पर्सोना बनवताना आधी विचारा, ओटीपी कुणाच्या फोनवर येतो?

प्रति,
मा. संपादक,

स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या करिअर पुरवणीत ॲप डिझाइनवर आलेला लेख वाचला. चांगला होता, माझ्या भाच्याने तर कापून ठेवलाय कारण त्याला याच लाइनमध्ये यायचंय. पण त्यात युजर पर्सोना हा भाग दोन ओळीत उरकलाय, म्हणजे टेम्प्लेट घ्या, नाव वय व्यवसाय आवडीनिवडी भरा, एक फोटो लावा, झालं. मी बारा वर्षं पुण्यात हेच काम करतेय आणि ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहायला बसले, कारण नेमकं असंच मी एकदा केलंय आणि त्याचं नुकसान माझं नाही, दुसऱ्याच कुणाचं तरी झालं.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगते. ॲप बनवणाऱ्या टीममध्ये दहा-पंधरा जण असतात आणि "युजरला हे हवंय" असं म्हणताना प्रत्येकाच्या डोक्यात वेगळाच युजर असतो, डेव्हलपरच्या डोक्यात तो स्वतःच असतो आणि मॅनेजरच्या डोक्यात त्याची बायको किंवा मेहुणा. म्हणून आम्ही एक माणूस कागदावर उभा करतो, त्याला नाव देतो, तो काय करतो, कशासाठी ॲप उघडतो, कुठे अडतो ते लिहितो, आणि मग सगळे त्या एकाच माणसाबद्दल बोलतात. हाच पर्सोना. काम साधं वाटतं, पण पुढची सगळी स्क्रीन, सगळी बटणं, अगदी मेसेज किती वाजता जावा हेसुद्धा या कागदावरून ठरतं, त्यामुळे कागद चुकला की सगळंच चुकतं आणि कुणाला कळतही नाही कुठे चुकलं ते.

आता माझी गोष्ट. 2018 साली दूध संकलनाच्या एका ॲपचं काम माझ्याकडे होतं. शेतकरी सकाळ-संध्याकाळ डेअरीवर दूध घालतो, त्याचं फॅट आणि एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) किती लागलं, दर किती बसला, बिल किती झालं हे त्याला फोनवर लगेच कळावं, एवढंच. आम्ही बाणेरच्या ऑफिसात एका दुपारी बसून पर्सोना बनवला. रमेश, वय 34, पाच गाई, अँड्रॉइड फोन, व्हॉट्सॲप आणि यूट्यूब वापरतो, दुधाचा दर पारदर्शक असावा असं त्याला वाटतं. फोटो नेटवरून घेतला, फेटा बांधलेला हसरा माणूस, हातात फोन. मोठी प्रिंट काढून भिंतीवर लावली आणि चार महिने आम्ही सगळे रमेशला हे आवडेल, रमेशला ते कळणार नाही असं बोलत राहिलो. रमेशला कुणीच भेटलं नव्हतं. मी मूळची माण तालुक्यातली, माझ्या घरी गाई होत्या, माझी काकू रोज डेअरीला जायची, आणि तरी त्या दुपारी माझ्या तोंडून एकदासुद्धा आलं नाही की अरे दूध घालायला तर बायका जातात! हे मला अजून बोचतं.

ॲप सुरू झाल्यावर तीन महिने झाले तरी फार कमी लोक ते उघडत होते. ऑफिसात चर्चा सुरू झाली की शेतकऱ्यांना ट्रेनिंग द्यायला हवं, व्हिडिओ बनवूया वगैरे. मी म्हटलं आधी जाऊन बघून येते. दहिवडीच्या पुढच्या एका गावात पहाटे पावणेसहाला संकलन केंद्राच्या दारात जाऊन उभी राहिले. थंडीचे दिवस, अजून अंधार. एक एक करत लोक यायला लागले, किटल्या, कॅन, कुणाची नुसती बादली. बहुतेक बायका. दोन-तीन शाळेच्या ड्रेसमधली पोरं, एक म्हातारे आजोबा. रमेशसारखा फोन हातात धरून आलेला एकही नाही. आणि कुणी नाव सांगत नव्हतं, प्रत्येकजण नंबर सांगत होता. "एकशे चौदा." "बावन्न." डेअरीवर प्रत्येक खात्याला कोड नंबर असतो आणि तो घरातल्या लहान पोरालासुद्धा पाठ असतो. आमचं ॲप मात्र लॉगिनला मोबाइल नंबर मागत होतं, वर ओटीपी.

एकशे चौदा नंबरवाल्या ताई दूध घालून बाजूला झाल्या, मशीनमधून निघालेली पावती त्यांनी न बघताच कनवटीला खोचली. मी विचारलं, तुम्हाला मेसेज येतो ना फॅटचा? त्या म्हणाल्या, "मेसेज व्हय? त्यो मालकांच्या फोनवर जातोय वाशीला. रातच्याला त्यांचा फोन आला तर सांगत्यात, न्हायतर न्हाय."

आमच्या भागातली किती माणसं मुंबई, नवी मुंबईत माथाडी म्हणून काम करतात हे तुमच्या सातारच्या वाचकांना सांगायला नको. खातं नवऱ्याच्या नावावर, नंबर नवऱ्याचा, नवरा वाशीच्या मार्केटात, आणि गाय इथे. म्हणजे आम्ही इतक्या मेहनतीने बनवलेला मेसेज, एका सेकंदात पोचणारा, तो रोज पहाटे वाशीला एका हमालाच्या खिशात जाऊन वाजत होता.

मग त्यांच्या घरी गेले, चहा झाला, आणि त्यांच्या सासूबाईंनी बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला, त्यात महिन्या-महिन्याच्या पावत्या रबर लावून ठेवलेल्या. आम्ही बसून बघितल्या तर मधे सलग सहा दिवस फॅट घसरत आलेलं, 3.8 वरून 3.1. वाळली वैरण संपली होती आणि गाय नुसत्या ओल्या चाऱ्यावर होती, तसं झालं की फॅट पडतंच. आपल्याकडे गाईच्या दुधाचा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफला धरतात, त्याखाली गेलं की पैसे कापतात. त्या बाईंना हे कळलं दहा दिवसांनी, बिल हातात आल्यावर. आमच्या ॲपमध्ये फॅट घसरल्याची धोक्याची सूचना होती हो, लाल रंगात, त्यावर आम्ही आठवडाभर काम केलं होतं! ती सहाही दिवस बरोबर गेली होती, वाशीला. ताई रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या की आधी कळलं असतं तर भावाकडनं कडबा आणला असता. ते वाक्य मी त्याच दिवशी वहीत लिहिलं आणि पुढे पर्सोनाच्या कागदावर सगळ्यात वर तेच घातलं.

त्यानंतर मी चार दिवस राहिले, तीन गावं फिरले, 19 जणांशी बोलले. कुणालाही "असं ॲप आवडेल का" विचारलं नाही, कारण आपल्याकडे पाहुण्याला नाही कुणी म्हणतच नाही, सगळे चांगलंय म्हणतात. मी विचारायचे, काल संध्याकाळी दूध घातल्यावर पुढे काय झालं ते सांगा. पावती कुठे ठेवली, कुणी वाचली, घरात फोन किती आहेत, चार्जिंग कुठे करता, रेंज कुठे येते, रिचार्ज संपला तर कोण मारतं. यातून जो पर्सोना झाला तो माणसाचा नव्हताच, तो घराचा होता. आम्ही त्याला नावच दिलं "एकशे चौदाचं घर". त्यात दूध घालणारी बाई, वाशीचा नवरा ज्याचा नंबर खात्याला आहे, पावत्या जपणारी सासू आणि पावती वाचून दाखवणारी नववीतली मुलगी. घरात एक बटणाचा फोन, तो दिवसा सासूकडे असतो. कोण काय करतं आणि कुठला फोन कुणाच्या हातात किती वाजता असतो, एवढं एका पानावर.

आणि मग काय बदलायचं हे जवळजवळ आपोआप दिसायला लागलं. लॉगिन कोड नंबरवर केलं. खात्याला दुसरा मोबाइल नंबर जोडायची सोय दिली. बटणाच्या फोनवर संध्याकाळी आठला मराठीत रेकॉर्ड केलेला कॉल जाईल असं केलं, कारण तेव्हा सगळे घरात असतात. डेअरीवरच्या मशीनचा डिस्प्ले डेअरीवाल्याकडे तोंड करून होता तो दूध घालणारीकडे फिरवायला सांगितला, याला तर एक रुपया लागला नाही. आणि पावतीवर आकडे मोठे केले आणि कालच्यापेक्षा वाढलं की घटलं त्याचा बाण छापला. यातल्या निम्म्या गोष्टी ॲपच्या बाहेरच्या आहेत आणि भिंतीवरचा रमेश आम्हाला त्या कधीच सांगू शकला नसता.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. आमच्या धंद्यात सगळे टेम्प्लेट एक माणूस, एक फोन, एक नंबर असं गृहीत धरून बनलेले असतात, आणि आपल्याकडे फोन घराचा असतो. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, म्हणजे 2019 ते 21 मध्ये, देशातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी साधारण 54 टक्क्यांकडेच स्वतः वापरायचा मोबाइल होता आणि इंटरनेट कधीतरी वापरलेल्या होत्या फक्त तेहेतीस टक्के. हे आकडे आता बदलले असतील, वाढले असतील, पण जिच्याकडे आज फोन आलाय तिच्या बँकेला आणि आधारला जोडलेला मोबाइल नंबर बऱ्याचदा अजून नवऱ्याचा किंवा मुलाचाच असतो. म्हणून पर्सोनात वय आणि आवडीनिवडीच्या आधी ओटीपी कुणाच्या फोनवर येतो ही ओळ हवी.

हे फक्त डेअरीचं नाही. कोविडच्या लसीची नोंदणी व्हायची त्या कोविनचं बघा. 2021 मध्ये एका मोबाइल नंबरवर चार जणांची नोंदणी करता यायची, पुढे ती सहा केली. ज्याने कुणी ते ठरवलं त्याच्या डोळ्यासमोर घर होतं, आजी-आजोबांची नोंदणी नातू करणार हे त्याला दिसलं होतं, मला त्याचं फार कौतुक वाटतं. पण तेच कोविन सुरुवातीला इंग्रजीत होतं, मराठी आणि बाकी भाषा जूनमध्ये आल्या, आणि तोपर्यंत मे महिन्यात 18 ते 44 वाल्यांचे स्लॉट मिनिटात संपत होते आणि सुप्रीम कोर्टालासुद्धा विचारावं लागलं की ज्यांच्याकडे फोन नाही, नेट नाही त्यांनी काय करायचं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्या राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले होते, आठवत असेल. तेव्हा बरेच लोक म्हणाले की यांना टेक्नॉलॉजी नको. असं नव्हतं हो! फोन दोन जीबी रॅमचे, गरम होणारे, अडकणारे, आणि पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपमध्ये माहिती इंग्रजीतून भरायची. जी बाई रोज वजनं घेते, गरोदर बायकांच्या घरी जाते, आहार वाटते, रजिस्टर मराठीत इतकं नीट लिहिते की बघत राहावं, तिला तिच्याच गावातल्या पोरांची नावं इंग्रजी स्पेलिंगमध्ये टाइप करायला लावायची. ॲपचा कागद बनताना एक सेविका जरी समोर बसली असती तरी हे पहिल्या दहा मिनिटात निघालं असतं.

आणि अगदी अलीकडचं, लाडकी बहीण योजनेचं ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणी. 2025 च्या सप्टेंबरमध्ये सुरू झालं तेव्हा बाईच्या आधारनंतर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार नंबर आणि त्यावरचा ओटीपी मागत होते. ज्या बाईचा नवराही गेला आणि वडीलही गेले ती त्या स्क्रीनवर काय भरणार? घटस्फोट झालेली काय भरणार, ज्याने घराबाहेर काढलं त्याला फोन करून ओटीपी मागणार? नंतर अशा बायकांसाठी कागदपत्रं देण्याची वेगळी सोय केली, मुदतही 31 डिसेंबरपर्यंत वाढवली, ते चांगलंच झालं. पण त्यासाठी बायकांना दोन महिने ताटकळावं लागलं. त्या स्क्रीनमागे जी बाई कल्पिलेली होती तिच्या घरात एक पुरुष जिवंत होता, जवळ होता आणि सहकार्य करणारा होता. योजनेत विधवा आणि परित्यक्ता आहेत हे तर पहिल्या दिवसापासून नियमातच लिहिलेलं होतं.

आता यावर माझ्याच लाइनमधले लोक म्हणतील की सगळ्यांचा विचार करत बसलं तर काम कधी होणार, सरासरी युजर धरावाच लागतो. मी त्यांना अमेरिकन हवाई दलाची गोष्ट सांगते. 1950 मध्ये तिथे विमानांच्या कॉकपिटसाठी 4063 पायलटांची मापं घेतली होती. गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुण संशोधकाने त्यातली दहा मापं घेतली, उंची, छाती, हाताची लांबी अशी, आणि बघितलं की दहाच्या दहा मापात सरासरीच्या आसपास किती जण बसतात. एकही नाही. चार हजारात शून्य! म्हणजे ज्याच्यासाठी कॉकपिट बनवत होते तो पायलट अस्तित्वातच नव्हता. मग मागेपुढे सरकणाऱ्या सीट आल्या. आमचा रमेश हा तसाच, सगळ्यांची सरासरी आणि कुणीच नाही.

पर्सोना या कल्पनेचा जो मूळ माणूस मानतात, अॅलन कूपर, त्याने काय केलं होतं ते तर मुद्दाम सांगायला हवं. 1983 मध्ये तो प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं एक सॉफ्टवेअर लिहीत होता तेव्हा आधी तो सात-आठ ओळखीच्या लोकांशी जाऊन बोलला, त्यात कॅथी नावाची जाहिरात कंपनीत काम करणारी एक बाई होती. मग तो दुपारी फिरायला जायचा आणि मनातल्या मनात कॅथी होऊन स्वतःशी बोलायचा, मला आत्ता हे बटण कशाला हवंय. टेम्प्लेट वगैरे सगळं खूप नंतर आलं. पहिला पर्सोना एका खऱ्या, भेटलेल्या, नाव असलेल्या बाईवरून झाला होता. आम्ही तिच्यातली बाई काढून टाकली आणि रकाने ठेवले.

आणि आता तर अजून एक आलंय. गेल्या वर्षभरात माझ्याकडे नवीन मुलांचे जे पोर्टफोलिओ, म्हणजे कामाचे नमुने, येतात त्यात निम्मे पर्सोना चॅटबॉटला विचारून बनवलेले असतात. "ग्रामीण महाराष्ट्रातील 40 वर्षीय महिला" म्हटलं की दहा सेकंदात सुंदर पान तयार, सुनीता, तिची ध्येयं, तिच्या अडचणी, तिचं एक भावुक वाक्यसुद्धा. मुलांना वाईट वाटेल म्हणून मी हळू सांगते, पण सांगतेच, की ते वाक्य कुणीही म्हटलेलं नाही. नेटवर जे लिहिलं गेलंय त्याच्यातून ते आलंय आणि एकशे चौदा नंबरच्या ताईंनी नेटवर आजवर एक अक्षर लिहिलेलं नाही. भाषा सुधारायला, नोट्स लावायला वापरा ना, मीही वापरते. पण जो माणूस भेटला नाही त्याच्या तोंडी वाक्य घालू नका.

एक गोष्ट मात्र मला उशिरा कळली ती सांगते, कारण घराचा पर्सोना म्हटलं की लोकांना वाटतं सगळ्यांना सगळं दाखवायचं. दोन वर्षांनी मी बायकांच्या आरोग्याच्या एका ॲपवर होते. तिथे आम्ही घराचा कागद केला तेव्हा उलटं दिसलं. फोन सगळ्यांच्या हातात फिरतो म्हणजे पाळीची किंवा तपासणीची आठवण स्क्रीनवर आली की ती दीर वाचणार, मुलगा वाचणार. एका मुलीने सांगितलं की ती ॲप रोज सकाळी टाकते आणि संध्याकाळी काढते. मग आम्ही मेसेजमधला मजकूरच बदलला, नुसतं "आज तुमची एक नोंद बाकी आहे" एवढंच, बाकी आत गेल्यावर पिन टाकून. म्हणजे घर कळलं की काय पोचवायचं हे कळतं तसं काय झाकायचं हेही कळतं.

लेखात नवीन मुलांसाठी टिप्स होत्या म्हणून माझ्याही दोन-चार. एका प्रकारच्या लोकांपैकी पाच-सहा जण तरी भेटा, त्यांच्या जागी जाऊन भेटा, ऑफिसात बोलावून नाही. वय आणि पगारावरून गट पाडू नका, लोक काय करतात त्यावरून पाडा, कारण आमच्या 19 जणांत साठीची आजी आणि बारावीचा मुलगा एकाच गटात आले, दोघं पावती दुसऱ्याकडून वाचून घ्यायचे, आजीला वाचता येत नव्हतं आणि मुलाला फॅटचं गणित. तीनपेक्षा जास्त पर्सोना ठेवू नका, कुणाच्या लक्षात राहत नाहीत. प्रत्येक वाक्याच्या शेजारी ते कुणी, कुठल्या गावात म्हटलं ते स्वतःच्या वहीत ठेवा, नाव बाहेर देऊ नका. नेटवरचा फोटो लावू नका. डेव्हलपरला एकदा तरी बरोबर न्या, तो परत आल्यावर तुमच्या बाजूने भांडतो, हा माझा अनुभव आहे. आणि वेळ नाही, बजेट नाही असं कुणी म्हटलं तर स्वारगेटवरून दहिवडीच्या एसटीचं तिकीट काढा, दोन दिवसात परत याल. आमचं चार महिन्यांचं काम वाया गेलं होतं ते असे दोन दिवस आधी न दिल्यामुळेच.

संपादक साहेब, शेवटी तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमचे वार्ताहर तालुक्या-तालुक्यात आहेत आणि वाचकांची पत्रं तुम्ही मनापासून छापता. आठवड्यातून एकदा एक छोटा चौकोन द्याल का, ज्यात लोकांनी लिहावं की कुठल्या ॲपवर ते अडले? ॲप वाईट आहे एवढंच नको, नेमकं लिहावं, कुठल्या स्क्रीनवर अडलं, त्यावर काय लिहिलं होतं, फोन कुणाचा होता, ओटीपी कुणाकडे गेला, शेवटी ते काम कुणाकडून करून घेतलं आणि त्याने किती पैसे घेतले. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं शेजारच्या पोराने लिहून द्यावं. आमच्या ऑफिसात मी तो चौकोन दर आठवड्याला भिंतीवर लावीन, जिथे रमेशचा फोटो होता तिथे, आणि पुण्यातल्या आणखी पाच-सहा टीम लावतील एवढं मी माझ्या ओळखीवर नक्की सांगते. पहिलं पत्र हवं असेल तर एकशे चौदाच्या घरातली मुलगी आता कॉलेजला आहे, तिने लिहून द्यायचं कबूल केलंय.

आपली नेहमीची वाचक,
एक ॲप डिझायनर, पुणे